पुंजाभाऊंच्या बागेवरची भुरी

साधना गायधनींनी घरात, शेजारी आणि भाजीवाल्याजवळ जाहीर करून टाकलं होतं, की त्यांचं जलरंगांचं प्रदर्शन एकदा होऊन गेलं की निदान उन्हाळा सरेपर्यंत नाशिकमध्ये दुसऱ्या कुणाची प्रदर्शन भरवायची छाती होणार नाही. चौतीस वर्षं त्यांनी शाळेत चित्रकला शिकवली. हजारो पोरांना त्यांनी बजावलं, की सूर्य दोन डोंगरांच्या बरोब्बर मधूनच उगवला पाहिजे असा काही नियम नाही. आता निवृत्तीनंतर तो कुठून उगवतो ते स्वतः काढून दाखवायची पाळी होती. त्यांचे यजमान रविराज एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. चित्र भिंतीवर सरळ टांगलेलं असलं की ते त्यांना आवडायचं.

त्या हिवाळ्यात साधनाताई दिंडोरीकडे पुंजा पिंगळांच्या द्राक्षबागेत जाऊन बसल्या. पुंजाभाऊ म्हणजे त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याचे वडील. रोज सकाळी ते एक क्रेट उलटं घालून द्यायचे, चहा आणून द्यायचे आणि काय चाललंय हे एका शब्दानं विचारायचे नाहीत. अशा मालकाच्या बागेत बावीस चित्रं झाली.

त्यातलं सातवं म्हणजे साधनाताईंचा जीव की प्राण. वेलीच्या पानांवर दव, आणि दवावर कोवळं ऊन. ओल्या रंगावर खडेमीठ टाकलं की मीठ रंग पिऊन घेतं आणि कागदावर पांढुरक्या चांदण्या उमटतात, ही युक्ती त्या नव्यानं शिकल्या होत्या. पहिली चिमूट इतकी सुरेख उमटली की त्यांनी लगेच एक मूठ टाकली. आणि पुंजाभाऊंच्या चहाला जागायचं म्हणून चित्राखालच्या पट्टीवर सुंदर अक्षरात नाव लिहिलं : ‘पुंजा पिंगळ यांची बाग, मोहाडी रस्ता, दिंडोरी. सकाळी साडेआठ.’ रविराज म्हणाले, गट नंबरही टाक. साधनाताईंनी त्याकडे दुर्लक्ष केलं.

निमंत्रणाचा मेसेज पाठवायचं काम रविराजांकडे होतं. साधनाताईंनी दव, धुकं आणि अंतर्मन असा आठ ओळींचा मजकूर लिहून दिला होता. रविराजांना तो लांबला असं वाटलं. त्यांनी तो आटोपशीर केला : ‘द्राक्षबागांचं भव्य प्रदर्शन. शनिवार, रविवार. गंगापूर रोड, नाशिक. प्रवेश मोफत.’ आणि फोनमधल्या यच्चयावत माणसांना पाठवून दिला. पुंजाभाऊंना तो मिळाला, आणि त्यांनी अभिमानानं बागायतदारांच्या ग्रुपवर टाकला.

आता नाशिक जिल्ह्यात प्रदर्शन म्हटलं की माणसाच्या डोळ्यांसमोर मांडव येतो, फवारणीचे ब्लोअर येतात, ठिबकच्या नळ्या येतात आणि बाहेर पडताना डोक्यावर कंपनीची फुकट टोपी येते. शनिवारी सकाळी दहाला गंगापूर रोडवरच्या कलादालनासमोर तीन जीप थांबल्या. सतरा-अठरा बागायतदार उतरले, दारात चपला काढून आत आले आणि स्टॉल कुठे आहेत म्हणून विचारू लागले.

साधनाताई नवी पैठणी नेसून समीक्षकांची वाट बघत होत्या. हे चित्रांचं प्रदर्शन आहे, असं त्यांनी सांगितलं. मंडळी जरा हिरमुसली, पण भली माणसं. एवढे आलोच आहोत तर बघून जाऊ, म्हणाली. चित्रं लांबून बघायची असतात, असं साधनाताई सांगत होत्या तोवर सगळे भिंतीला नाक लावून उभे होते. या बागेची छाटणी उशिरा झाली, त्या बागेची तार सैल आहे, अशी चर्चा रंगली. साधनाताई खूश होत्या. इतक्या बारकाईनं त्यांच्या मैत्रिणींनीही चित्रं बघितली नव्हती.

सातव्या चित्रापाशी मात्र घोळका थांबला आणि चर्चाही थांबली. त्यात वणीचा रोहित होता. त्याचं औषधं-खतांचं दुकान, त्यामुळे कीड बघायचं भिंग कायम खिशात. त्यानं ते काढलं, एक डोळा मिटला आणि चित्रातलं पान न पान तपासलं.

“भुरी हाय,” तो म्हणाला. “आणि लय पुढं गेलेली हाय.”

भुरी म्हणजे द्राक्षाच्या पानांवर पीठ भुरभुरावं तसा पडणारा रोग. कुणीतरी खालचं नाव मोठ्यानं वाचलं, मालक, रस्ता आणि वेळेसकट. साधनाताई दव, दव म्हणत राहिल्या, पण तोवर चित्राचा फोटो ग्रुपवर गेला होता.

पुंजाभाऊंची काढणी सोमवारी ठरली होती. माल परदेशी जायचा होता, आणि निर्यातदाराच्या वतीनं माल बघणारा लखन नावाचा माणूस भलता काटेकोर. त्याचा फोन आला : सोमवारी मजूर लावू नका. काढणी तोंडावर आली की औषध मारता येत नाही, आणि भुरी लागलेला माल जहाजावर चढत नाही. बिचारे पुंजाभाऊ अर्ध्या जेवणावरून उठले आणि मोटरसायकल हाणत नाशिकला आले. पाठोपाठ लखनही आला, कारण ग्रुपवरचा फोटो जरा हलला होता आणि त्याला रोग नीट बघायचा होता.

साधनाताईंनी दोघांना समजावलं. हे डाग नाहीत, हा सकाळचा उजेड आहे. पुंजाभाऊंनी चित्रातल्या एका पानावर बोट ठेवलं.

“ताई, उजेड असा पानाच्या बुडाला जाऊन बसत नाय.”

मग साधनाताईंना मिठाचं सांगावंच लागलं. लखननं शांतपणे ऐकून घेतलं आणि बागेवर मीठ कोणत्या कंपनीचं मारलं, ते वहीत लिहायला पेन काढलं. एवढं झाल्यावर एकच उपाय उरला. प्रदर्शन रविराजांच्या हवाली करून पैठणीसकट साधनाताई अजून तिथेच थांबलेल्या रोहितच्या जीपमध्ये बसल्या आणि वरात दिंडोरीला निघाली.

बागेत अडीच तास तपासणी चालली. लखन एकेक पान उलटं करून बघत होता, रोहित भिंग लावून त्याच्यावर पहारा करत होता, आणि पुंजाभाऊ मागोमाग चालत होते. लखननं पान उलटलं की ते दर वेळी दुसरीकडे बघत, हे साधनाताईंनी पाहिलं, आणि पहिल्यांदाच त्यांना ते मूठभर मीठ टाकल्याची लाज वाटली. शेवटच्या ओळीला लखननं मान डोलावली. बाग काचेसारखी स्वच्छ होती. सोमवारची काढणी कायम झाली. पुंजाभाऊ मटकन त्याच उलट्या क्रेटवर बसले. साधनाताईंनी त्यांना शब्द दिला, की चित्राखालचं नाव काढते आणि तिथं खुलासा लावते. खुलासा तिथंच लिहून झाला : ‘चित्रातील पांढरे डाग मिठाचे आहेत. मूळ बाग निरोगी आहे.’ खाली त्यांची सही, आणि भरवसा वाटावा म्हणून लखनचीही.

त्या परत आल्या तेव्हा रविराज दारातच उभे होते, चेहरा फुललेला. मागच्या तासात नाशिकचे एक वयोवृद्ध, नामवंत चित्रकार येऊन गेले होते. साधनाताई पंधरा दिवस ज्यांची विनवणी करत होत्या, तेच. सातव्या चित्रापुढे ते बराच वेळ उभे राहिले आणि हे काय आहे म्हणून विचारलं. रविराजांनी सकाळपासून जे ऐकलं होतं तेच सांगितलं : भुरी, फार पुढे गेलेली. म्हातारबुवांचे डोळे पाणावले. अभिप्रायाच्या वहीत त्यांनी पानभर लिहिलं होतं : ‘हिरवाईची गोड गोड चित्रं काढणारे पुष्कळ आहेत. पानाचं दुखणं एवढ्या निर्भयपणे कागदावर उतरवणारा हात मी प्रथमच पाहिला.’

साधनाताईंनी ते तीनदा वाचलं. एका हातात ही वही, दुसऱ्या हातात खुलासा. रोग नाही म्हणावं तर आयुष्यात मिळालेली एकुलती एक मोठी शाबासकी वाया जाते, आणि रोग आहे म्हणावं तर पुंजाभाऊ. खुलासा उद्या लावला तर चालेल का, असं त्यांनी नवऱ्याला विचारलंसुद्धा. रविराज म्हणाले, “अगं, त्या माणसानं दोन महिने तुला चहा पाजलाय.” साधनाताईंनी सुस्कारा सोडला, नावाची पट्टी सोलून काढली आणि खुलासा चिकटवला.

रविवारी संध्याकाळपर्यंत एकही चित्र विकलं गेलं नव्हतं. म्हातारबुवांचे दोन शिष्य आले, खुलासा वाचला, एकमेकांकडे बघितलं आणि निघून गेले. आवरायच्या वेळेला रोहित आला. त्याला सातवं चित्र हवं होतं. साधनाताईंनी ते लगेच भिंतीवरून उतरवलं. कुठे लावणार, घरी का, असं त्यांनी विचारलं.

दुकानात, रोहित म्हणाला. काउंटरच्या मागे, ‘भुरी अशी दिसते’ असा बोर्ड करून. कंपनीच्या पोस्टरवर ती इतकी स्पष्ट कधी येत नाही. “आणि मॅडम, ह्याच मापात डावणीचं पण एक करून द्याल का? तो रोग लोकांना लवकर कळत नाय.”

आपण कलावंत आहोत, रोगांचे तक्ते काढत नाही, असं ठणकावून सांगायला साधनाताईंनी तोंड उघडलं.

“डावणीचे डाग,” त्या म्हणाल्या, “पिवळट असतात ना हो?”