रेडिएटरला एक दिवसाआड पाणी

पाणी नेहमी खालच्या दिशेने वाहते, आणि जबाबदारीही. फरक इतकाच, की पाणी वाटेत गळते. जबाबदारी मात्र वरून जेवढी निघते तेवढीच, थेंबभरही कमी न होता, तळाला पोहोचते.

शहराच्या पाणीपुरवठा विभागात या दोन्ही विषयांचा गाढा अभ्यास असलेली माणसे होती. धरणातून निघालेल्या दर शंभर बादल्यांपैकी एकोणसाठ नळापर्यंत यायच्या. उरलेल्या एकेचाळीस कुठे जातात हे विभागाला ठाऊक नव्हते, पण त्या एकेचाळीसच आहेत हे तो छातीठोकपणे सांगे. (आपले अज्ञान इतके अचूक मोजणारे दुसरे खाते आमच्या तरी पाहण्यात नाही.) पाणी पुरत नाही म्हणून ते एक दिवसाआड सोडले जाई. या व्यवस्थेला अकरा वर्षे झाली होती आणि ती अजूनही तात्पुरती होती.

या विभागाची एक राखाडी मोटार होती आणि ती चालवायला सावकाशमामा होते. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कुणालाही ओलांडले नव्हते. त्यांना मात्र एकदा हातगाडीने ओलांडले होते. निवृत्तीला आठ महिने उरले होते. एवढ्यात गाडी पांढरा धूर सोडू लागली.

सकाळी गाडी सुरू केल्यावर थोडी वाफ निघते, यात काही नवल नाही. गार हवेत माणसाच्या तोंडातूनही निघते. गाडीला थोडी ऊब आली की ती जाते. हा धूर जाईना. फाटकावरचा पहारेकरी रोज सकाळी त्यात बुडायचा आणि दोन मिनिटांनी सलाम करीत वर यायचा. शिवाय बाटलीत खुणेपर्यंत भरलेले कूलंट संध्याकाळपर्यंत दोन बोटे उतरे. मामांनी गाडीखाली जुने वर्तमानपत्र पसरून पाहिले. कागद कोरडा ठणठणीत.

मामा कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडे गेले.

"धुराला वास?" मिस्त्रीने विचारले.

"गोडसर येतो."

"खाली डाग?"

"नाही ना. तीच तर पंचाईत."

मिस्त्रीने थंड रेडिएटरचे झाकण उघडले आणि मामांना गाडी सुरू करायला लावली. आतून बुडबुडे यायला लागले, चुलीवर आधण ठेवावे तसे. मग त्याने ऑईलचे झाकण काढून उलटे धरले. त्याला दुधाळ चहासारखा फेस लागला होता.

"मामा, हेड गॅस्केट गेलंय," तो हात पुसत म्हणाला. "पाणी बाहेर गळत नाही, आत गळतंय. इंजिन पाणी पितंय आणि मागून वाफ सोडतंय. हेड खोलू द्या, दोन दिवसांचं काम आहे."

"आणि नाही खोललं तर?"

"पाणी पाजाल तोवर रडतखडत चालेल. मग एखाद्या चढावर तापेल आणि जाम होईल. मग मला बोलावू नका, भंगारवाल्याला बोलवा."

या सगळ्याला चार मिनिटे लागली. (विभागाच्या भाषेत याला अपुरी चौकशी म्हणतात.)

इंजिन जाऊ देणे मामांना परवडणारे नव्हते, आणि त्याला कारण होते. ज्याच्या हाताखाली इंजिन जाईल त्याने उरलेली नोकरी वरच्या पंपघरावर काढायची, असा विभागाचा नियम होता. पंपघर शहरापासून चार तासांवर. तिथे एक खाट, एक घंटा आणि आठवड्यातून एकदा येणारी शिधा आणणारी गाडी. इकडे पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला मामींच्या डोळ्याचे ऑपरेशन ठरलेले. त्यानंतर दीड महिना दर दोन तासांनी डोळ्यात औषधाचे थेंब, आणि घरात माणसे दोनच. मामींनी वाटणी केव्हाच करून टाकली होती. "डोळा माझा, हात तुमचा. शेजारीणबाईंना सांगणार नाही. त्या बोलण्याच्या नादात कानात घालतील."

मामांनी रीतसर तक्रार-अर्ज भरला. अर्जात धुराच्या रंगासाठी तीन चौकटी होत्या: काळा, निळा, लागू नाही. मामांनी समासात 'पांढरा' असे लिहिले. समास फक्त कार्यालयीन उपयोगासाठी असल्याने अर्ज परत आला. दुसऱ्या अर्जात त्यांनी नाइलाजाने 'लागू नाही' वर खूण केली, तेव्हा विभागाने धूर बंद झाल्याबद्दल समाधान व्यक्त केले. तिसरा अर्ज मोठ्या साहेबांच्या टेबलावर पोहोचला, कारण त्याच दिवशी साहेब स्वतः त्या धुरात सापडले आणि अर्धा तास चुकीच्या इमारतीत बसून होते.

साहेबांनी चौकशी गळतीतज्ज्ञांकडे सोपवली. हे गृहस्थ एकोणीस वर्षे शहरातली गळती शोधत होते आणि त्यांना अजून एकही सापडली नव्हती, त्यामुळे त्यांचा अनुभव अखंड होता. त्यांनी गाडीभोवती सहा फेऱ्या मारल्या, बॉनेट न उघडता तीन दिवस मोजमाप केले आणि अहवाल दिला. जमीन कोरडी असल्याने गळती सिद्ध होत नाही. पाणी कमी झाले आहे, पण ते गेले असे म्हणता येत नाही, फार तर ते हिशेबाबाहेर आहे. प्रमाण चौतीस टक्के. शहराचे एकेचाळीस. सबब ही मोटार शहरापेक्षा सात टक्क्यांनी सरस असून तिचा आदर्श ठेवण्यासारखा आहे.

गाडीच्या काचेवर प्रशस्तिपत्र चिकटवण्यात आले. ते नेमके चालकाच्या नजरेसमोर आल्याने मामा आणखी सावकाश चालवू लागले.

"साहेब, मिस्त्री म्हणतो हेड खोलायला पाहिजे," मामा एकदा धीर करून म्हणाले.

"मामा," साहेब मायेने म्हणाले, "शहरातली पाइपलाइन सत्तर वर्षांची आहे. आपण ती कधी खोलली?"

"नाही, साहेब."

"मग चाललंय ना?"

तरी पाणी उतरतच होते आणि रोज भरावे लागत होते. रोजची ही उधळपट्टी तज्ज्ञांना बघवेना. त्यांनी तोडगा काढला, आणि हा तोडगा जगात दुसऱ्या कुणालाही सुचला नसता, कारण त्यासाठी आधी अकरा वर्षे पाणीपुरवठा करावा लागतो. आदेश निघाला: रेडिएटरला एक दिवसाआड पाणी देण्यात यावे. सम तारखेला भरणे, विषम तारखेला काटकसर. पुरवठ्याची वेळ सकाळी सहा ते सहा वीस, कमी दाबाने.

मामांनी मान हलवली आणि आसनाखाली पाण्याचा एक कॅन लपवला. विषम तारखेला आडोशाला गाडी थांबवून ते इंजिन निवायची वाट पाहत, आणि मग चोरून, लेकराला पाजावे तसे पाणी ओतत. असे नऊ दिवस निभावले. दहाव्या दिवशी भरारी पथकाने धाड घातली आणि कॅन जप्त केला. पंचनाम्यात 'अनधिकृत नळजोडणी' अशी नोंद झाली. मामांकडून, पुन्हा पाणी देणार नाही, असे हमीपत्र लिहून घेतले गेले.

आणि मग तेरा तारीख उजाडली. साहेबांना घाट चढून धरणावर जायचे होते.

"साहेब, आज विषम आहे," मामा म्हणाले. "उद्या जाऊ या का?"

"पाहुणे आज येणार आहेत."

"गाडीला पाणी नाही हो. चढावर काटा वर जाईल."

"माझ्या घरीही आज पाणी नाही, मामा. मी निघालोच ना? चला."

सातव्या वळणावर काटा लाल रेघेला टेकला. आठव्यावर तो रेघेपलीकडे गेला. मामांनी गाडी कडेला घ्यायला सुरुवात केली. साहेबांनी घड्याळाकडे बोट दाखवले. नवव्या वळणावर इंजिनातून कुणी दात खावेत तसा आवाज आला आणि सगळे शांत झाले. पांढरा धूरही थांबला. (तज्ज्ञांनी पुढे हे यशाच्या रकान्यात घातले.)

चौकशी दोन दिवसांनी ठेवली होती. त्या दिवशी सकाळी मामा समोरच्या चहाला हात न लावता बसले होते.

"खरं सांगतो," ते म्हणाले. "पाणी नव्हतं म्हणून गेलं, असंच सांगतो."

"अहो, पाण्याचं नावच काढू नका," मामी म्हणाल्या. त्यांना कपातला चहा अंधुक दिसत असे, पण बाकीचे बरेच स्वच्छ दिसे. "पाणी नव्हतं म्हटलं की ते कुणी बंद केलं ते आलं. मग त्यांना कुणाला तरी वर पाठवावं लागेल, आणि त्या खोलीत पाठवण्याजोगे तुम्ही एकटेच."

"मग काय सांगू?"

"इंजिनलाच दोष द्या. ते काही अपील करणार नाही."

चौकशीच्या खोलीत टेबलापलीकडे साहेब होते आणि शेजारी गळतीतज्ज्ञ. बदलीचा आदेश टंकून तयार होता, फक्त कारणाची ओळ कोरी होती. ती कशी भरावी, याच विवंचनेत दोघे होते. चालकाने पाणी दिले नाही, असे लिहावे तर देऊ नको हा आदेश त्यांचाच. पाण्यावाचून इंजिन गेले, असे लिहावे तर एक दिवसाआड पाण्याने काहीतरी मरते हे कागदावर येणार.

"बोला मामा," साहेब म्हणाले.

मामांनी टोपी हातात घेतली. "साहेब, वेळापत्रकात काही खोट नाही. अख्खं गाव अकरा वर्षं त्याच वेळापत्रकावर आहे. म्हातारी माणसं आहेत, तान्ही लेकरं आहेत. एकालाही धूर आला नाही. हे इंजिनच नाजूक निघालं."

मग तज्ज्ञांनी पेनाचे टोपण काढले.

अहवाल बावीस पानांचा झाला. इंजिनाने सहकार्याची वृत्ती दाखवली नाही. त्याच्या घरी टाकी, पिंप, हंडा, यापैकी काहीही आढळले नाही. साठवणुकीची सवयच नव्हती. याउलट, त्याच परिस्थितीत नागरिक न तापता, न थांबता कामावर जाताना दिसले. तपासलेल्या चारशे नागरिकांपैकी पांढरा धूर शून्य, काळा शून्य, निळा शून्य. (अर्ज तोच वापरला होता, पांढऱ्याची चौकट या वेळी खास छापून घेतली.) यावरून नागरिकांची क्षमता पुरती वापरली जात नाही, असे या दोघांच्या समितीचे मत पडले. शिफारस: शहराला यापुढे तीन दिवसांतून एकदा पाणी द्यावे.

मामांची बदली रद्द झाली. मोलाच्या निरीक्षणाबद्दल त्यांना एक पत्रही मिळाले. वीस तारखेला मामींचे ऑपरेशन उत्तम झाले, आणि मामा दर दोन तासांनी, घड्याळ लावून, डोळ्यात थेंब टाकू लागले.

"नळ आला का?" मान वर करून पडल्या पडल्या मामींनी विचारले.

"परवा येईल."

"हे तुमच्यामुळे."

"हो."

"नीट टाका मग. घरात रोज येणारे एवढेच थेंब आहेत."

अहवाल नियमाप्रमाणे तीस दिवस कार्यालयाबाहेरच्या फलकावर लावला होता आणि त्यावर नागरिकांच्या हरकती मागवल्या होत्या. एकही आली नाही. विभागाने याचा अर्थ संमती असा लावला, आणि तो चुकला असे आम्हाला म्हणवत नाही. कारण त्या तीस दिवसांत तुम्हीही फलकासमोरून गेला होता. पहारेकऱ्याने पाहिले आहे. तुमच्या दोन्ही हातांत रिकामे कॅन होते आणि टँकरची वेळ झाली होती. तुम्ही घाईत होता, थोडे घामेजलेही होता. धूर मात्र, त्याने मुद्दाम नोंद केली आहे, कुठूनही येत नव्हता.