सखीसमूह दादल्यांनी चालविला त्याची हकीकत

श्री. मस्तकी संताप असता हे लिहिले आहे. वाचणाराने गोडव्याची अपेक्षा करू नये. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, मार्गशीर्षमासी एका राज्यात वर्तले ते ऐसे.

दरबारचे मनी आले की राज्यातील बायका शहाण्या कराव्या. मग गावोगाव वर्ग बसविले आणि बायांस मोबाइल दिधले आणि त्यावर लिहिणे, वाचणे, संदेश धाडणे शिकविले आणि 'सखीसमूह' करून दिधला, की अडल्यानडल्या बाईने हाक घालावी आणि बाकीच्यांनी धावावे. बेत उत्तम. परंतु त्या गावची रीत ऐसी की नवी वस्तू बायकोच्या नावे घरात यावी आणि दादल्याच्या खिशात राहावी. बाया वर्गातून घरी आल्या आणि दादले म्हणाले, "आण इकडे, तुला काय कळते त्यातले!" मग समूहात नावे बायकांची आणि बोटे मिशाळांची! पारूबाई "सुप्रभात सख्यांनो" म्हणते, तो पारूचा नवरा! शरम म्हणोन वाटली नाही मेल्यांना. आणि दरबार खूष, की अहाहा, बायका किती बोलू लागल्या.

त्या गावी द्वारकाबाई म्हणोन बाई, तिची लेक बकुळा, वय वर्षे चौदा. द्वारकाबाईचा नवरा रायाजी याने बकुळेची सोयरीक तिशी उलटलेल्या आडत्याशी ठरविली. बाई बकुळेच्या माघारी रडली, पाया पडली, रायाजी ऐकेना. मग एके दुपारी तो जेवोन घोरत पडला असता बाईने त्याच्या खिशातून मोबाइल काढिला. इतर घरी तरी मोबाइल बाईपाशीच असेल ऐसे तिला वाटले, आणि तिने समूहात लिहिले, "बायांनो, माझी बकुळा लहान आहे, लग्न लावताहेत, धावा गे." आणि वाचले कोणी? नवऱ्यांनी! सोनकाबाईच्या नावे उत्तर आले, "नवऱ्याचे ऐकावे, गप बसावे." पारूबाईच्या नावे आले, "मुलीचे कल्याणच आहे." आणि एकाने जाऊन रायाजीस जागे केले, मग त्याने बाईस गुरासारखे बडविले. सख्याच ऐशा निघाल्या म्हणोन बाईने हाय खाल्ली.

लग्नाचेच दिवशी सकाळी दरबारने उत्तम समूह म्हणोन बायांचा सत्कार मांडिला. सत्काराची शाल सोडवेना म्हणोन रायाजीने द्वारकाबाईसही मंचावर उभी केली. दरबारचे कारभारी म्हणाले, "बायांनी मोबाइल हाती धरोन समूह उघडावा, फोटो काढणे आहे." मग दादल्यांनी खिशातून मोबाइल काढोन दिधले आणि बजाविले, "नुसते धरा, बघू नका." बघू नका! अरे, वाचावयास शिकविलेल्या बायका त्या, डोळे मिटोन उभ्या राहतील काय? आणि द्वारकाबाईचा तो संदेश पुसावा इतकी भीतीही या शूरांस वाटली नव्हती.

सोनकाबाई वाचोन म्हणाली, "अगे, हे मी कधी लिहिले?" पारूबाई म्हणाली, "माझेही नाव आहे!" मग सोनकाबाईने विचारिले, "द्वारके, खरे का गे?"

"आज गोरजमुहूर्त आहे," द्वारकाबाई म्हणाली. "तुम्हीच म्हणालात ना, गप बस?"

मग सोनकाबाईने उभ्या उभ्या बालविवाह रोखणाऱ्या चौकीस फोन लाविला आणि बाया शाली टाकोन मंच उतरल्या आणि पारूच्या नवऱ्याने हात पुढे केला, "आण मोबाइल." पारूबाई कडाडली, "हात मागे घे! माझ्या नावाने बोललास तेवढे पुरे झाले." मग अवघ्या जणी लग्नमंडपी जाऊन दारात बसल्या आणि चौकीचे लोक आले आणि आडत्या वऱ्हाड घेऊन पळाला.

बकुळा हळदीच्या अंगाने बाहेर आली. पारूबाईने तिला मोबाइल दाखविला. तिने वाचले आणि आईच्या गळ्यात पडोन म्हणाली, "आई, मला वाटले तूही हो म्हणालीस."

येणेप्रमाणे लग्न मोडले. समूहात आता बायका आहेत. दादल्यांस बोलणेच असेल तर आपल्या नावाने बोलावे.