हद्दीची पाटी

सलग तिसऱ्या दिवशी फाटकासमोर कमरेएवढा बर्फाचा बांध पाहून वेरोनिका शुलिस्टबाईंचं डोकं फिरलं. एकोणीस वर्षं ग्लेनडारोच्या सरपंच, आणि स्वतःची गाडी बाहेर काढायची सोय नाही!

"गॉर्डी, मेल्या, हा ढीग माझ्याच दारात का ओततोस?" त्यांनी बर्फ लोटणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरला हटकलं.

"काकू, आपली हद्द इथं संपते. पाटीपर्यंत लोटायचं नि वळायचं. पलीकडून ब्लॅकरॉकवालेही पाटीपर्यंतच लोटतात. दोघांचा मिळून ढीग होतो, त्याला मी काय करू?"

हद्द खरं तर नदीची. पण पंधरा वर्षांपूर्वीच्या पुरात नदीनं पात्र सोडलं आणि ती भलत्याच शेतातून वाहू लागली. तेव्हा दोन्ही गावांनी ठराव केला, की पाटी असेल तिथं हद्द. पुन्हा पूर आलाच तर उचलता यावी म्हणून पाटी सिमेंट भरलेल्या जुन्या टायरात उभी केली होती.

शनिवारी सगळं गाव हॉकीच्या सामन्याला गेलं. बाईंनी ट्रॅक्टरला साखळी बांधली आणि पाटी गावाच्या बाजूला फरफटत नेऊन शेजारच्या डेस्मंड ओग्रेडींच्या फाटकासमोर ठेवली. ओग्रेडी पंचायतीतले सदस्य होते आणि बाईंच्या खुर्चीवर त्यांचा फार दिवसांपासून डोळा होता.

रविवारी बाईंचा रस्ता लख्ख. सोमवारी ब्लॅकरॉकचा माणूस त्यांच्या कुत्र्याची नोंदणी करून घ्यायला आला. मंगळवारी सभा भरली.

"बाई, तुम्ही आता ब्लॅकरॉकच्या," ओग्रेडी गोड आवाजात म्हणाले. "परगावच्या माणसाला इथं सरपंच राहता येत नाही."

"शहाणपणा नको, डेस्मंड! ती पाटी मीच हलवली!" खुर्चीसाठी बाई चारचौघांत गुन्हा कबूल करून बसल्या.

"हलवली असेल. पण ठरावात 'पाटी असेल तिथं' एवढंच आहे. कोणी ठेवली याबद्दल अवाक्षर नाही. खाली सही कोणाची, वाचू?"

सही बाईंचीच होती.

"मग आत्ता जाऊन परत सरकवते!"

"परगावच्या माणसानं आपल्या पाटीला हात लावला तर दंड. तोही ठराव तुमचाच, बाई."

त्या संध्याकाळी बाई घरी जाऊन खरोखर रडल्या. एकोणीस वर्षांची खुर्ची एका टायरापायी गेली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ब्लॅकरॉकचे कारकून केकचा डबा घेऊन दारात हजर. "बारा वर्षांत आमच्याकडे राहायला आलेलं पहिलं माणूस तुम्ही! सरपंचाची जागा वर्षभर रिकामी आहे, कोणी उभंच राहत नाही. अर्जाची मुदत आज पाचपर्यंत. चहा राहू द्या, आधी सही करा."

पाच वाजता बाई बिनविरोध निवडून आल्या.

ओग्रेडीही आता ग्लेनडारोचे सरपंच आहेत. रोज सकाळी ते फाटकासमोरचा बांध फावड्यानं फोडत असतात आणि बाईंची गाडी मोकळ्या रस्त्यानं झोकात बाहेर पडते.

"डेस्मंड, कंबर दुखत असेल हो तुमची," परवा बाईंनी काच खाली करून विचारलं. "पाटी होती तिथं परत न्यायची का? मी आज राजीनामा देते आणि येते पुन्हा ग्लेनडारोत."

"छे छे!" ओग्रेडींनी घाईघाईनं फावडं उचललं. "राहू द्या बाई. तेवढाच व्यायाम होतो."