सव्वीस आठवड्यांचं यीस्ट

कोकणातली सांदणं, म्हणजे वाटीत उकडलेले तांदळाचे मऊ वडे, माडीवर, माडाच्या आंबलेल्या रसावर, फुगतात आणि कुवेतमध्ये माडी औषधालाही मिळत नाही. तेव्हा हवल्लीच्या फ्लॅटमध्ये महबूबने ठरवलं, आपण आपलं यीस्ट पाळायचं. (मांजर पाळायला बायकोने, फातिमाने, आधीच नकार दिला होता.)

एका बरणीत त्याने दोन यीस्ट एकत्र नांदवली. पाकिटातलं बेकरीचं फुगवण्यासाठी, आणि नारळाच्या पाण्यात आपसूक धरलेलं, माडीसारख्या वासासाठी. दर शुक्रवारी तो वरचा फेस दोन चमचे काढून नव्या बरणीत तांदळाच्या पिठावर आणि साखरपाण्यावर ठेवी, तळातलं फेकायला फातिमाच्या हातात देई, आणि वहीत लिही: ‘आठवडा अकरा. फेस उत्तम. तळ फेकला.’ मग बरणीला कान लावून बसे. बुडबुडे हळू आवाजात बोलत. एसीची घरघर लांब लांब जाई, तिच्या लाटा होत, आणि हवल्लीच्या भिंतीला रत्नागिरीची खाडी येऊन लागे.

“इक्राचे अब्बा, काय म्हणते बरणी?”

“भरती आलीय म्हणते.”

“मग ओहोटीच्या आधी कचरा खाली ठेवून या.”

सव्विसाव्या आठवड्यात इक्राची होणारी सासू, नाझिया, बनेद अल-गारहून जेवायला यायची होती. मूळची रत्नागिरीची, जिभेची तिखट. फोनवरच म्हणाली, “महबूबभाई, कुवेतात कसली सांदणं? गोड पाव होतो त्याचा!”

आता सगळ्या गावाची अब्रू त्या बरणीत येऊन बसली.

शुक्रवारी वाट्यांत पीठ ओतून उकडलं. सांदणं ढगासारखी फुगली. महबूबने डोळे मिटून घास घेतला आणि तसाच स्टुलावर बसला. गोड पाव. निव्वळ गोड पाव.

“अब्बा, जॅम लावून मस्त लागेल,” इक्राने धीर दिला.

“फातिमा, वास कुठे गेला गं?”

फातिमाने दुसऱ्या पातेल्याचं झाकण उचललं. माडाखालची सकाळ स्वयंपाकघरभर पसरली.

“हे कुठलं?”

“तुम्ही फेकायला द्यायचात ते. अन्न कोण ओततं मोरीत? लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घालत गेले. आज त्याचीही सांदणं केली.”

महबूबच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. बेकरीचं यीस्ट घाईचं, फेसाबरोबर वर येऊन मिरवणारं. नारळाचं शांत, तळाशी बसणारं. सव्वीस शुक्रवार त्याने मिरवणाऱ्याला पोसलं आणि शांताला घराबाहेर काढलं. तेही आठवड्यागणिक नोंद करून.

जेवताना नाझियाने दुसऱ्या पातेल्यातलं चौथं सांदण संपवलं. तिचे डोळे ओले झाले होते. “अम्मीच्या ओटीवर बसल्यासारखं वाटलं. कोणाच्या हातची?”

“मेहनत सगळी यांची,” फातिमा म्हणाली. “वहीच ठेवलीय.”

महबूबची छाती जरा वर आली. नाझियाने लगेच वही मागितली, पेन काढलं. “रीत उतरवून घेते.”

फातिमाने तिच्या ताटात नारळाचं दूध वाढलं.

“सगळं नका उतरवू. जिथं जिथं ‘फेकला’ लिहिलंय ना, तेवढंच घ्या.”