पाहूसुरांना मृत्यू मान्य नव्हता

खेमराजजींच्या डाव्या भुवईत पांढऱ्या केसांचा एक झुपका होता. एरवी तो बाकीच्या केसांसारखा आडवा पडून असे. पण कोणी त्यांना काही ठरवायला सांगितलं की तो सरळ उभा राही आणि त्याच्या मागोमाग तोंडातून एकच शब्द येई : "पाहू." आधी झुपका, मग शब्द. त्यांची सून नूतन हा क्रम लग्न झाल्यापासून पाहत आली होती आणि तो चुकल्याचं तिला एकदाही आढळलं नव्हतं.

नूतन अर्जुनी मोरगावच्या एका ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. नवरा रोशन नागपूरला नोकरीला, म्हणून गावातल्या घरी ती आणि सासू-सासरे. खेमराजजी गावतलावाच्या पाणी समितीचे अध्यक्ष. तलावाचं पाणी शेतांत सोडायचं जे दार असतं, ज्याला गावात तुडुम म्हणतात, त्याची किल्ली त्यांच्या कमरेला आणि निर्णय त्यांच्या भुवईला टांगलेला असे.

यंदा परतीचा पाऊस आलाच नाही. धान गर्भात आलेला, बांध्यांना, म्हणजे धानाच्या वाफ्यांना, भेगा पडलेल्या, आणि सारं गाव पंधरवड्यापासून विचारत होतं, तुडुम कधी खोलता? खेमराजजींचा घोळ असा की आज पाणी सोडलं आणि उद्या पाऊस आला तर पाणी वाया. नाही सोडलं आणि पाऊसही नाही आला तर धान वाया. दोन्ही बाजू त्यांना इतक्या लख्ख दिसत की मधली वाट दिसायचीच बंद झाली होती. नूतनने तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जाऊन पाणी मोजलं होतं. शेवटच्या बांधीपर्यंत ते पुरत होतं. जेवताना तिने हळूच तसं सांगूनही पाहिलं. झुपका उभा राहिला. तिने भात वाढला.

ती शेवटची बांधी धुरपताबाईंची. त्या रोज सकाळी ओट्यावर येऊन बसायच्या.

"तुये मामाजी का म्हणून राहिले, बाई?"

सासऱ्यांना नूतन मामाजी म्हणे. ती नुसती मान हलवायची.

"माया धान पोटातच मरून राहिला," धुरपताबाई म्हणायच्या आणि उठून जायच्या.

घरात बोलता येईना, तेव्हा नूतनने कागद घेतला. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात शिक्षकांनी पाण्यावर चित्रकथा मांडायची होती. तिच्या चित्रकथेतला खलनायक होता पाहूसुर. तो तलावाचा जुना रखवालदार. यम न्यायला आला तेव्हा हा म्हणाला, "पाहू." यम अजून पाळीवर बसून आहे. म्हणजे मेलाही नाही, जगतही नाही, मधेच अडकलेला. त्याची शक्तीही तीच. तो "पाहू" म्हणाला की वाहतं पाणी थांबतं, घड्याळ थांबतं, मांडवातलं लग्न थांबतं. मर्म एकच : एखादी गोष्ट ठरवून बोलला, तर जागच्या जागी त्याचा गाळ होणार.

कोणी ओळखणार नाही याची नूतनला पूर्ण खात्री होती. कातडीला तिने मोरचुदाचा निळा रंग दिला, धोतराचा झगा केला, बोटांना मुळ्या फोडल्या. खऱ्यातलं फक्त एकच ठेवलं : भुवई. तेवढ्यासाठी मामाजींचा एक फोटो मोबाइलवर घेतला होता. पोस्टरसाठी चित्र आणि मजकूर मुन्नालालच्या फ्लेक्सच्या दुकानात पाठवताना तो फोटोही सोबत गेला, हे तिच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती प्रयोगशाळेत असताना धुरपताबाईंचा फोन आला. आवाज बसलेला.

"कवा गेले वं?"

"कोण?"

"चौकात लागले ना."

नूतन स्कूटी काढून चौकात पोचली. बसस्टॉपसमोर, जिथे तालुक्यातले सगळे मेलेले लागतात, तिथे मामाजी लागले होते. चारी बाजूंनी झेंडूच्या माळा, खाली दोन समया आणि वर ठळक अक्षरांत : भावपूर्ण श्रद्धांजली. "पाहूसुर. जन्म : तलावाच्या पाळीवर. मृत्यू : झाला, पण त्यांना मान्य नाही." पुढे शक्ती, पुढे मर्म, आणि शेवटी शोकाकुल समस्त गावकरी.

मुन्नालालला आपलं काही चुकलंय असं वाटतच नव्हतं. मॅडमने स्वतः मृत्यू लिहिला होता आणि मृत्यूचं दुकानात एकच डिझाइन होतं. चित्र भयानक होतं, फोटो चांगला होता, म्हणून फोटो घेतला. असे फ्लेक्स चौकातच बांधतात, म्हणून चौकात बांधला.

"और 'तो' का 'ते' कर दिया, मॅडम," तो म्हणाला. "गुजरे हुए आदमी को 'तो' कैसे लिखते?"

नूतनने समजावलं की माणूस जिवंत आहे, दरेकस्याला नातेवाइकांकडे गेलाय. मुन्नालालने फ्लेक्सकडे बोट केलं. तिथेही तेच लिहिलं होतं : मान्य नाही. तिने शिडी मागितली. पण तेरवीच्या आधी फ्लेक्स उतरवलेला त्याच्या दुकानाच्या इतिहासात नव्हता.

खरी पंचाईत वेगळीच होती. वाचणाऱ्यांपैकी कोणालाही त्यात खोटं काही सापडत नव्हतं. त्यांनी पाहू म्हटलं की वाहतं पाणी थांबतं, या ओळीला एका म्हाताऱ्याने डोळे पुसले आणि लिहिणाऱ्याने माणूस बरोबर ओळखला होता, असं सांगितलं.

मामाजींचा फोन लागेना. दरेकस्याच्या डोंगरात रेंज येते आणि जाते, आज जाण्याचा दिवस होता. तिने घरी सासूला, रुख्माबाईंना, फोन लावला. तिथे सडक अर्जुनीहून पाहुण्यांची जीप येऊन रडायलाही लागली होती. रुख्माबाई मात्र शांत होत्या.

"मेले नसतील," त्या म्हणाल्या. "येवढं मोठं ते येका दिवसात ठरवत नाहीत."

पण मग त्यांनीही विचारलं, "त्यांची गाडी येऊन गेली का वं?" आणि नूतनने स्टेशनच्या रस्त्याकडे पाहिलं. ती चौकात फेऱ्या मारू लागली. पानठेल्यापासून समयांपर्यंत आणि परत. मामाजी आले तर हे वाचणार. नाही आले तर?

तेवढ्यात स्टेशनकडून ऑटो आला आणि त्यातून खेमराजजी उतरले.

चौक दोन भागांत फाटला. पानठेल्यावरच्या माणसाच्या हातून कात सांडला. एक बाई लांबूनच पाया पडली. खेमराजजींनी कोणाकडे पाहिलं नाही. ते फ्लेक्ससमोर उभे राहिले आणि बोट फिरवत, ओठ हलवत, जन्मापासून गाळापर्यंत सगळं वाचलं.

मुन्नालाल कुठूनतरी शिडी घेऊन आला होता.

"काका," तो घाबरत म्हणाला, "उतार दूँ क्या?"

झुपका उभा राहिला.

"पाहू."

चौकाने श्वास सोडला. आता कोणालाच शंका उरली नाही. माणूस खेमराजजीच होता आणि जिवंत होता. फक्त धुरपताबाई पुढे आल्या.

"खेमराजभाऊ, तुमी जित्ते का मेले, ते तुमी पाहा," त्या म्हणाल्या. "माया धान उद्या मरते."

खेमराजजींनी आभाळाकडे पाहिलं. आभाळ कोरडं होतं. मग तलावाच्या दिशेने पाहिलं. दोन्ही बाजू पुन्हा लख्ख दिसू लागल्या असाव्यात, कारण झुपका हलला.

"मामाजी," नूतन म्हणाली. चौकात, एवढ्या माणसांत. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "पाणी पुरते. मी मोजलं."

खेमराजजींनी तिच्याकडे पाहिलं, फ्लेक्सकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे. हा मजकूर कोणाचा, हे त्यांना कळलं होतं. नूतनने मान खाली घातली. म्हणून झुपका आडवा पडलेला तिला दिसला नाही. दिसला तो पुढे आलेला हात आणि त्यात किल्ली.

"धर," ते हळू आवाजात म्हणाले. "माया गाळ झाला, त त्यात सापडाची नाही."

मग त्यांनी एकदा आपल्या पायांकडे पाहिलं, चपला नीट घातल्या आणि साऱ्या चौकाला ऐकू जाईल असं म्हणाले,

"खोला तुडुम."