श्रीदादांच्या पाच वस्तू

"पाच वस्तू सांगा! लवकर, नाडीचे ठोके उतरायच्या आत!"

ठाकुर्लीला राहायला आल्याच्या तिसऱ्या दिवशी मी दार उघडलं, तर समोर कानटोपी, हाफ पँट आणि त्या दोहोंमध्ये घामाने निथळणारा पन्नाशीचा गृहस्थ, जागच्या जागी गुडघे छातीपर्यंत उचलत! मी दचकून ओरडलो, "सीमा, पाकीट आण, वर्गणीवाले आलेत!"

"वर्गणी नको. नुसती नावं सांगा."

घाबरून मी दिसेल ते सांगितलं. "झाडू, रिमोट, उशी, सुरी, बायको."

"वस्तू काय रे मी?" आतून आवाज आला. तोवर गृहस्थ पसार. इमारतीला दहा झपाझप फेऱ्या मारून त्यांनी पुन्हा बेल वाजवली. "झाडू... रिमोट... आणि वहिनी!" पाचातले तीन आठवले म्हणून स्वतःचीच पाठ थोपटत ते निघून गेले.

हे आमच्या वरच्या मजल्यावरचे श्रीदादा. पूर्वी वागळे इस्टेटमध्ये एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. आता थोरल्या बहिणीबरोबर, मंदाताईंबरोबर, राहतात. लोक जसं शुगर असल्याचं सांगतात, तसं त्यांनी मला लिफ्टमध्ये सांगितलं, "मला स्किझोफ्रेनिया आहे. तुम्हाला?"

"मला... ॲसिडिटी," मी म्हणालो.

"वाईट." त्यांनी मनापासून मान हलवली. "डोक्यातले आवाज गोळ्यांनी गप्प बसवले, कर्णिक. पण लक्षात राहणं काही परत येईना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळ्या सोडायच्या नाहीत आणि दम लागेल असं रोज चालायचं. डोक्याची किल्ली टाचेत असते!" हे शेवटचं वाक्य डॉक्टरीणबाईंचं नसावं.

बाकीचे शेजारी बेल ऐकून टीव्ही मोठा करत. दार उघडणारा मूर्ख मी एकटा, म्हणून संध्याकाळची परीक्षा कायमची माझ्याकडे आली. तिनाचे चार झाले, चाराचे पाच. आणि मग पाचच राहू लागले.

एका संध्याकाळी घोडबंदर रोडवरून माझे दोन ऑफिसमित्र आले. ट्रॅफिकमध्ये शिजून आलेल्या त्या दोघांचं मनोरंजन करावं, असं माझ्या विनोदी डोक्यात आलं. मी श्रीदादांना सांगितलं, "कंदील, पोपट, इस्त्री, फणस, छत्री." फेऱ्या मारून आल्यावर त्यांनी पाचही घडाघडा म्हणून दाखवले.

"चौथं चुकलं," मी गंभीरपणे म्हणालो. "फणस नाही, अननस."

"नक्की?"

"शंभर टक्के!"

मित्र सोफ्यावर लोळून हसले. श्रीदादांचे पाय थांबले. ते माझ्या दारात असे स्थिर उभे राहिलेले मी कधी पाहिले नव्हते. मग ते जिना चढून वर गेले.

दुसऱ्या दिवशी बेल वाजली नाही. तिसऱ्या दिवशी सीमा पांढऱ्याफटक चेहऱ्याने घरात आली. "मंदाताईंनी मोतीबिंदूचं ऑपरेशन रद्द केलं. काल जिन्यात पायरी चुकल्या त्या, तरी!"

"का पण?"

"नंतर डोळ्यात दोन वेगवेगळे ड्रॉप घालायचे असतात, वेळच्या वेळी. घरात दुसरं आहे कोण? भावाबहिणीचं ठरलेलं, सलग सात दिवस पाचपैकी पाच आले तर श्रीदादा घालणार. सहा दिवस आले. सातव्या दिवशी आपल्याकडे चुकलं म्हणे. आता तेच म्हणतायत, ताईचा डोळा माझ्या हातात देऊ नका."

एका पायात माझी आणि एका पायात सीमाची चप्पल घालून मी वर धावलो.

श्रीदादा पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसले होते. मी सगळं कबूल केलं आणि थोबाडीत खायला गाल तयार ठेवला.

"म्हणजे फणसच होता?"

"फणसच."

ते पलंगावर वळून बसले. "डोक्यातले ते आवाज असंच करायचे, कर्णिक. होतं ते नाही म्हणायचे, वर खात्रीने. मी ठरवलेलं, बेल वाजवल्यावर जो खराखुरा माणूस दार उघडतो, तो सांगेल ते खरं."

मी म्हणालो, "ताईंना मीच जाऊन सांगतो."

"नको. मी सांगेन."

ऑपरेशन झालं. चौथ्या दिवशी मी सीमाच्या हातचा शिरा घेऊन माफी मागायला गेलो. काळा चष्मा लावलेल्या मंदाताईंनी मला जवळ बसवलं आणि माझा हात हातात घेतला.

"श्रीने सांगितलं मला. अलीकडे तुमच्याच लक्षात राहत नाही म्हणे. त्या दिवशी आपण काय सांगितलं, तेच तुम्ही विसरलात. घाबरू नका हो. यालाही असंच व्हायचं."

मी आ वासून श्रीदादांकडे पाहिलं. ते साबणाने धुतलेले हात पुसत होते. "चार वाजले. ताई, वर बघ." हात जराही हलला नाही. एकच थेंब, नेमका.

बाटलीला झाकण लावून ते माझ्याकडे वळले. "चपला घाला, कर्णिक. तुम्हाला पहिल्या दिवशी दोनच फेऱ्या झेपतील. मी हळू चालेन."