माळ्यावरचं कबूतर

दातांचे डॉक्टर सकाळी वेळेवर उठले, पोहायची पिशवी खांद्याला लावून दारापर्यंत गेले आणि बूट घालताना त्यांना आठवलं की आपल्याला पाण्याची भीती वाटते. ही गोष्ट त्यांना रोज नेमकी बुटांपाशीच आठवायची. मग पिशवी खाली यायची आणि फोन हातात यायचा.

प्रकरण सुरू झालं ते लेकीच्या हट्टातून. तलावाच्या वार्षिक स्पर्धेत एक शर्यत पालक आणि मूल अशा जोडीची होती. लेक दुसरीत, पण पाण्यात मासोळी. तिने बापाला न विचारता दोघांची नावं देऊन टाकली, आणि डॉक्टरांना मोठ्यांच्या वर्गात जाणं भाग पडलं. दोनेक दिवस ते गेलेही. पोहण्याच्या सरांनी त्यांना समजावलं, "डॉक्टर, तो काठाचा दांडा सोडा. तुम्ही काठाला धरून बसलात तर पाणी तुम्हाला धरणार कसं?" डॉक्टरांना म्हणणं पटलं. दांडा मात्र सुटला नाही, आणि सबबी सुरू झाल्या.

आता सबबींच्या बाबतीत दातांच्या डॉक्टरासारखा भाग्यवान माणूस नाही. आज कोण येणार नाही आणि का, हे दवाखान्याच्या काउंटरवरच्या मावशी रोज चहाबरोबर सांगत. डॉक्टरांनी ते ऐकायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सरांना कळवायचं. आयत्या बिळावर नागोबा. त्यातही एका पेशंटवर त्यांचा विशेष जीव जडला होता. हे गृहस्थ एकदाच येऊन गेले होते, तेही डॉक्टर रजेवर असताना. मदतनीस डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे काढला, दाढेचं मोठं काम निघालं, आणि तेव्हापासून गृहस्थांचा फक्त फोन यायचा. डॉक्टरांनी त्यांची दाढ पाहिली होती, तोंड पाहिलं नव्हतं. मावशी त्यांना 'दाढवाले' म्हणत.

"आज दाढवाले येत नाहीत," मावशी म्हणाल्या. "शेजाऱ्याचं दार आतून लागलंय. शिडी घेऊन गेलेत."

डॉक्टरांनी मनातल्या मनात दाद दिली. आजार नाही, मयत नाही, वर परोपकार. अशा माणसाला रागावणार कोण? दुसऱ्या दिवशी तीच शिडी सरांकडे रवाना झाली. सरांनी जरा वेळाने "बरं" एवढंच कळवलं.

पुढच्या खेपेला दाढवाल्यांच्या घरात कबूतर शिरलं. ते माळ्यावर जाऊन बसलं होतं आणि निघेपर्यंत घर सोडता येत नव्हतं. हा माणूस दिसतो तरी कसा, असं डॉक्टरांनी विचारलं, तर मावशींना त्याच्या चपलाच तेवढ्या आठवत होत्या. डॉक्टर दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावत तोच विचार करत राहिले. वकील असेल? नाटकात काम करत असेल? सकाळ झाली आणि कबूतरही सरांकडे गेलं.

इथे घोटाळा झाला. सर मुलांचाही वर्ग घेत. त्यांनी संध्याकाळी लेकीला सहज विचारलं की घरातलं कबूतर गेलं का. लेक धावत घरी आली ती बुटांसकट आत.

"बाबा, आपल्याकडे कबूतर आहे? मला का नाही सांगितलंस?"

तिची आई अजून कामावरून यायची होती, त्यामुळे खोटं पकडणारं घरात कुणी नव्हतं. डॉक्टर म्हणाले, आहे, माळ्यावर आहे, आवाज करू नकोस. लेकीला ते बघायचं होतं. पण शिडी तर शेजाऱ्यांकडे गेलेली, तसं सरांना लेखी कळवलेलंच होतं. मग लेकीने माळ्याजवळची वरची खिडकी काठीने ढकलून उघडली, का तर त्याची आई आली म्हणजे तिला आत येता यावं. मूठ मूठ दाणे वर भिरकावले. आणि दुसऱ्या दिवशी स्वतःची पोहायची पिशवीही बापाच्या पिशवीशेजारी ठेवून दिली.

"कबूतर आहे म्हणून तू जात नाहीस ना? मग मी पण नाही."

त्यानंतर मासोळी रोज माळ्याखाली मान वर करून बसू लागली. स्पर्धा तोंडावर आली. आपलेच दात, आपलेच ओठ, ओरडायचं कुणावर? डॉक्टरांना मनापासून वाईट वाटलं. भीती आपली होती, ती पोरीच्या गळ्यात बांधायची नव्हती. पण कबूतर नाही म्हणावं, तर शिडीपासून सगळंच सांगावं लागलं असतं.

अशात एका दुपारी मावशी आत डोकावल्या. "डॉक्टर, दाढवाले स्वतः आलेत. गाल हा एवढा सुजलाय."

डॉक्टर हातातलं काम टाकून बाहेर आले. बाकावर गालाला रुमाल लावून पोहण्याचे सर बसले होते. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. सरांनी दाराकडेही पाहून घेतलं.

"कबूतर गेलं का?" डॉक्टरांनी विचारलं.

"माझं का तुमचं?" सर रुमालाआडून म्हणाले.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तलावावर सगळे यांना नुसतं 'डॉक्टर' म्हणत, त्यामुळे हे डोळ्यांचे असतील अशी सरांची समजूत होती. शिडी आली तेव्हा त्यांना योगायोग वाटला. कबूतर आलं तेव्हा त्यांनी बायकोवर संशय घेतला, तिनेच कुणाला तरी सांगितलं असणार म्हणून, आणि घरात अजून अबोला होता. एवढं बोलून ते खुर्चीवर बसले आणि खुर्चीचे दोन्ही हात त्यांनी असे आवळले की डॉक्टरांना ती पकड लगेच ओळखू आली.

"सर, काठ सोडा," डॉक्टर म्हणाले. "उद्या सकाळी मी येतो. आज तुम्ही."

सरांनी डोळे मिटले आणि एकेक बोट सोडलं.

सकाळी बुटांपाशी भीती आठवलीच. डॉक्टरांनी लेकीला जवळ बोलावलं. "हे बघ, आपल्याकडे कबूतर नाहीये. कधीच नव्हतं. बाबाला पाण्याची भीती वाटते."

लेकीने त्यांच्याकडे पाहिलं, मग वर पाहिलं. "मग ते काय आहे?"

माळ्यावर, जुन्या बॅगेवर, दाणे टिपून तृप्त झालेलं एक धष्टपुष्ट कबूतर बसलं होतं. डॉक्टरांचा हात आपसूक फोनकडे गेला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा खरंखुरं कारण डोळ्यांसमोर घुमत होतं. त्यांनी कबूतराकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं, तिच्या कोरड्या पिशवीकडे पाहिलं.

"खिडकी उघडी राहू दे," ते म्हणाले. "चल."

तलावावर सर एका गालाने हसले. डॉक्टरांनी पाण्यात उतरून दांडा धरला, लेकीकडे पाहिलं आणि सोडला. भरपूर पाणी प्यायले, पण तरंगले. लेकीने काठावर उड्या मारल्या. धापा टाकत वर आल्यावर डॉक्टरांनी सरांना आठवण करून दिली की उद्या दाढेची दुसरी बैठक आहे, चुकवून चालणार नाही.

सर थोडा वेळ गाल चोळत राहिले. मग लेक जरा लांब गेलीय असं बघून हळूच म्हणाले, "डॉक्टर, तुमचं ते कबूतर दोन दिवस उसनं मिळेल का?"